शरीराचे अशक्य वाटणारे प्रयोग: जादूगार ते कसे करतात आणि ते कसे शिकावेत

रंगमंचावर पेटीतल्या माणसाचे दोन तुकडे होतात, कोणाचा हात स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतो, कोणी जमिनीपासून चार बोटे वर तरंगतो, आणि प्रेक्षागृहात क्षणभर कोणी बोलत नाही. पत्ता किंवा नाणे गायब होण्यापेक्षा या प्रयोगांचा परिणाम अधिक खोल होतो, कारण पत्त्यांची माहिती सर्वांना सारखी नसते, पण शरीर प्रत्येकाजवळ असते आणि कोपर कुठवर वळते, खांदा कुठे अडतो, उभे राहिल्यावर वजन कुठे पडते, याचा अंदाज जन्मभराच्या वापरातून प्रत्येकाने बांधलेला असतो. हा अंदाज रोजच्या व्यवहाराला पुरेसा असतो, मात्र तो नेमका नसतो. शरीराचे सगळे प्रयोग या नेमकेपणाच्या अभावावर उभे असतात.

या लेखात साधनांशिवाय करता येणारे काही प्रयोग पायरीपायरीने दिले आहेत आणि त्यानंतर आरशाचे मेज व करवतीची पेटी या दोन मोठ्या प्रयोगांची रचना समजावली आहे. यांतली तंत्रे अनेक दशकांपासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिल्याने आज रंगमंचावर काम करणाऱ्या कोणाचे गुपित फुटत नाही. सुई, पाते, आग किंवा श्वास कोंडणे यांचा समावेश असलेले प्रयोग येथे जाणीवपूर्वक दिलेले नाहीत. ते प्रत्यक्ष गुरूच्या देखरेखीखालीच शिकावेत, लेख वाचून नव्हे.

काम आधीच झालेले असते

नवशिका माणूस जादूगाराच्या हातांकडे ‘त्या’ क्षणी टक लावून पाहतो आणि रिकाम्या हाताने परततो, कारण त्या क्षणी तेथे काही घडतच नसते. शरीराच्या प्रयोगांत गुप्त काम बहुतेक वेळा प्रेक्षकाला ‘आता सुरू झाले’ असे वाटण्यापूर्वीच पुरे झालेले असते. हात आधीच पिळलेला असतो, उभे राहण्याचा कोन आधीच साधलेला असतो, आरसा आधीच जागेवर असतो. जाहीर सुरुवातीनंतर जे उरते ते केवळ दाखवणे. म्हणून कोणताही प्रयोग शिकताना पहिला प्रश्न हा विचारावा की, प्रेक्षकाच्या मते हा कधी सुरू झाला आणि प्रत्यक्षात कधी सुरू झाला. या दोन क्षणांत जितके अंतर ठेवता येईल तितका प्रयोग पक्का होतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. आपल्याला एखाद्या वस्तूचा अर्धाच भाग दिसतो तेव्हा उरलेला भाग मेंदू स्वतः पुरा करतो, आणि तो इतक्या खात्रीने करतो की ‘हे मी पाहिलेले नाही’ याचे भानही राहत नाही. व्हेब्योर्न एक्रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या बोटाच्या टोकावर चेंडूची पोकळ अर्धी टोपी ठेवली होती. वरून पाहताना तेथे पूर्ण चेंडू आहे असा भास होत होता. त्या काल्पनिक चेंडूला जागा करून देण्यासाठी लोकांना स्वतःचे बोटच आखूड झाल्यासारखे वाटले. टोपी पोकळ आहे हे त्यांना माहीत असूनही भास गेला नाही. जादूगाराला हे फार मोलाचे आहे: प्रेक्षक हुशार असला, सावध असला, तरी हे ‘पुरे करणे’ त्याला थांबवता येत नाही.

तुटलेला अंगठा: आडोशाचा पहिला धडा

हा प्रयोग लहान मुलांना दाखवण्याचा मानला जातो, पण आडोसा कसा धरावा हे त्याच्याइतके स्वच्छपणे दुसरा कोणताही प्रयोग शिकवत नाही. डावा हात छातीसमोर आडवा धरावा, बोटे उजवीकडे आणि हाताची पाठ प्रेक्षकांकडे असावी. डाव्या अंगठ्याचे टोक सांध्यातून आत, तळव्याच्या बाजूला दुमडावे, म्हणजे समोरून फक्त त्याचा खालचा भाग दिसेल. उजवा अंगठाही सांध्यातून वाकवून त्याचा दुमडलेला सांधा डाव्या अंगठ्याच्या दुमडलेल्या सांध्याला भिडवावा आणि जेथे दोन्ही मिळतात ती फट उजव्या तर्जनीने वरून झाकावी. आता उजवा हात डाव्या तर्जनीच्या कडेवरून सरकवत उजवीकडे न्यावा, क्षणभर थांबावे आणि परत आणून जोडावे.

दोन्ही अंगठे एका सरळ रेषेत राहिले पाहिजेत, एवढीच कसोटी आहे. रेषा मोडली की मेंदू पुरे करणे थांबवतो. आरशासमोर ही रेषा जमली की पुढे सरकावे.

हाताची पूर्ण गिरकी

बिनसाधनांच्या प्रयोगांत मला हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण यात हात खरोखरच जवळजवळ तितका फिरतो. प्रेक्षकांना दिसते ते असे: जादूगार उकिडवा बसून उजवा पंजा फरशीवर सपाट टेकवतो. बोटे त्याच्या डाव्या बाजूकडे असतात. पंजा न उचलता तो हात फिरवू लागतो. बोटे त्याच्या स्वतःकडे वळतात, मग उजवीकडे जातात, मग समोर येतात आणि शेवटी पुन्हा डावीकडे पोहोचतात. पूर्ण ३६० अंश.

यामागचे शरीरशास्त्र आधी समजून घ्यावे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. तळवा उलटसुलट करताना त्यांतले एक दुसऱ्यावरून आडवे जाते, आणि मधल्या स्थितीपासून ही फिरकी दोन्ही दिशांना साधारण ८० ते ९० अंश मिळते. कोपर सरळ ठेवले की तिच्यात खांद्याची फिरकी मिळते, जी बाहेरच्या बाजूला सुमारे ९० अंश आणि आतल्या बाजूला सुमारे ७० अंश असते. सगळी बेरीज ३२० ते ३४० अंशांवर जाते, आणि उरलेले थोडे अंश कंबर व धड किंचित वळवून मिळवता येतात. पूर्ण वर्तुळ शरीरात असतेच. रोजच्या कामात आपण त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कधी जात नाही, म्हणून ते कोणाला माहीत नसते.

बोटे डावीकडे असलेल्या पंजाकडे पाहून प्रेक्षक असे गृहीत धरतो की हात नेहमीच्या पद्धतीने, कोपर बाहेर काढून, आत वळवून ठेवला आहे. प्रत्यक्षात हात उलट्या बाजूने, बाहेरून पूर्ण पिळून तेथे आणलेला असतो. शेवटच्या स्थितीत मात्र तो खरोखरच नेहमीच्या पद्धतीने ठेवलेला असतो. याचा अर्थ, अवघड जागा सुरुवातीची आहे आणि प्रेक्षक ज्या शेवटाला थरारतो तेथे हात जवळजवळ आरामात असतो.

सराव उघड्या हाताने, आरशासमोर सुरू करावा. उभे राहून उजवा हात बाजूला सरळ सोडावा, तळवा मांडीकडे असावा. तळवा बाहेरच्या दिशेने फिरवत समोर आणावा, आणि तेथे न थांबता फिरवत राहावे, म्हणजे तो शरीरापासून दूर, उजवीकडे पाहू लागेल. या टप्प्यावर कोपराची आतली घडी बाहेरच्या बाजूला वळलेली दिसेल आणि खांद्यात ताण जाणवेल. हा पीळ कायम ठेवून हळूहळू खाली बसावे, उजवा खांदा हाताच्या वर आणावा आणि मनगट वाकवून पंजा फरशीवर टेकवावा. बोटे आपोआप डावीकडे येतील. सुरुवातीला ती पूर्ण डावीकडे न येता तिरपी, आपल्याकडे झुकलेली राहतील. काही दिवसांच्या हलक्या ताणाने फरक पडतो, जोर लावून तो पाडू नये. येथून पीळ सोडत गेले की पंजा डावीकडून आपल्याकडे, मग उजवीकडे, मग समोर असा फिरतो, आणि शेवटच्या पाव फेरीत कोपर बाहेर काढून, खांदा पुढे झुकवून आणि धड थोडे वळवून बोटे पुन्हा डावीकडे आणता येतात. पंजा फिरताना त्याचा मधला भाग एकाच जागी राहावा, तो फरशीवर सरकू लागला तर प्रेक्षकाचे लक्ष पंजावरून दंडाकडे जाते.

उघड्या हाताने हे जमले की लांब, सैल, एकरंगी बाहीचा सदरा घालावा. कोपराची घडी कोणत्या दिशेला आहे हे दिसता कामा नये. रेघांचे किंवा चौकटींचे कापड येथे घातक ठरते, कारण बाहीवरच्या रेघा पीळ सरळ दाखवतात.

आता पंजा टेकवण्याच्या क्षणाविषयी, कारण सगळा प्रयोग त्या एका सेकंदात जिंकला किंवा हरला जातो. खाली बसत असताना समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांत पाहून तिला विचारावे, ‘तुमचा हात किती फिरतो, कधी पाहिले आहे का?’ प्रश्न ऐकला की ती व्यक्ती जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहते आणि बहुतेक वेळा नकळत स्वतःच्या हाताकडेही पाहते. तेवढ्या वेळात हात मांडीच्या आडून पिळला जातो आणि पंजा फरशीवर पोहोचतो. त्यानंतर तिलाही शेजारी बसवून पंजा ‘असाच’ ठेवायला सांगावे. ती तो अर्थातच नेहमीच्या पद्धतीने ठेवते. फिरवायला सांगितल्यावर तिचा हात पाव फेरीच्या आसपास अडतो. यापेक्षा भक्कम पुरावा कोणत्याही भाषणाने देता येणार नाही.

अभिनयाबाबत एक उलटापालट लक्षात ठेवावी लागते. खरा ताण सुरुवातीला असतो आणि तेव्हा चेहरा सैल, बोलका हवा. मधल्या भागात हाताला काहीच त्रास नसतो, पण प्रेक्षकाच्या हिशेबाने तेथेच हात मोडायला हवा, म्हणून त्या जागी गती मंदावावी, ओठ आवळावेत, एकदा थांबावे. थांबण्याची जागा बोटे स्वतःकडे वळून थोडी पुढे गेल्यावरची, म्हणजे समोरच्या व्यक्तीचा हात जेथे अडला तीच असावी. तेथून पुढे डाव्या हातात पाठीमागे धरलेला पातळ प्लॅस्टिकचा पेला हलकेच चुरगाळला, तर ‘कट्’ असा आवाज सांध्यातूनच आला असे वाटते. डोळ्यांना हलणारा सांधा दिसत असताना कान आवाजाची जागा तेथेच ठरवतात. मान मोडण्याचा किंवा नाक सरळ करण्याचा जो प्रयोग मंडळींमध्ये केला जातो, तोही काखेतल्या पेल्याच्या याच आवाजावर चालतो.

ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे किंवा ज्यांना कोपर, मनगटाचे दुखणे आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. पंजावर शरीराचे वजन कधीही टाकू नये आणि सरावाआधी खांदे मोकळे करून घ्यावेत.

जमिनीपासून वर उचलले जाणे

तारा, पट्ट्या, यंत्र यांपैकी काहीही न वापरता दोन पावले जमिनीपासून सुटलेली दाखवण्याची एक रीत १९७४ साली एड बाल्डुची यांच्या नावाने छापली गेली आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती पूर्णपणे कोनाच्या हिशेबावर चालते, म्हणून तिचा सराव कोनापासूनच करावा लागतो.

प्रेक्षक तीन-चारच असावेत, एकमेकांना खेटून उभे असावेत आणि जादूगारापासून अडीच ते तीन मीटर अंतरावर असावेत. जादूगाराने त्यांच्याकडे पूर्ण पाठ करावी आणि मग शरीर डावीकडे सुमारे ४५ अंश वळवावे. आता डावे पाऊल प्रेक्षकांच्या बाजूला येते आणि ते टाचेपासून बोटांपर्यंत दिसते, तर उजव्या पावलाची फक्त टाच दिसते, कारण त्याचा चवडा डाव्या पावलाच्या आड गेलेला असतो. दोन्ही टाचा एकमेकींना चिकटलेल्या हव्यात. वजन हळूच उजव्या पायाच्या चवड्यावर घ्यावे, हात बाजूला किंचित पसरावेत आणि त्या चवड्यावर उंच व्हावे. डावे पाऊल टाचेसकट, जमिनीला अगदी समांतर ठेवून वर न्यायचे असते. प्रेक्षकाला एक पूर्ण पाऊल आणि दुसऱ्याची टाच एकाच वेळी वर गेलेली दिसते, आणि न दिसणारा चवडाही वर गेला असे त्याचा मेंदू स्वतःच ठरवतो.

उंची ५ ते ७ सेंटीमीटरच मिळते आणि ती पुरते. अधिक उंचीच्या हव्यासाने घोटा लटपटतो आणि डाव्या पावलाचे टोक खाली झुकते, आणि टोक झुकले की डोळ्याला सगळे कळते. वर राहण्याचा काळ तीन ते पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये. उतरताना दोन्ही पावले एकदम टेकवून गुडघे थोडे वाकवावेत, म्हणजे उंचावरून खाली आल्याचा भास होतो. पँट पायघोळ, बुटावर किंचित लोळणारी असावी आणि बूट गडद रंगाचे असावेत. पॉलिश केलेली चकचकीत फरशी टाळावी, कारण तिच्यात चवड्याचे प्रतिबिंब दिसते.

या प्रयोगात प्रेक्षकांना आधी ‘मी आता हवेत तरंगतो’ असे सांगितले तर ते खाली वाकून पाहतात. त्याऐवजी ‘पडलो तर सावरा’ एवढेच म्हणावे. कशासाठी सावरायचे हे कळेपर्यंत प्रयोग संपलेला असतो.

प्रेक्षकाच्याच शरीरात घडणारे

काही प्रयोगांत जादूगाराचे शरीर नव्हे, प्रेक्षकाचेच शरीर साथ देते. जर्मन मज्जातज्ज्ञ ऑस्कर कोनश्टाम यांनी १९१५ साली वर्णन केलेला स्नायूंचा एक गुण येथे कामी येतो. प्रेक्षकाला भिंतीला बाजू करून उभे करावे आणि हात सरळ ठेवून मनगटाची पाठ भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाबायला सांगावी. दाब बऱ्यापैकी जोराचा आणि सलग ३० ते ६० सेकंदांचा हवा. मग एक पाऊल बाजूला येऊन हात पूर्ण सैल सोडायला सांगावे. एक-दोन क्षण काही होत नाही आणि नंतर हात स्वतःहून वर जाऊ लागतो. दाब थांबल्यावरही मज्जासंस्था त्या स्नायूला आकुंचनाचे आदेश देत राहते आणि त्या हालचालीमागे आपला हेतू नसल्याने हात कोणीतरी उचलत आहे असे वाटते.

रंगमंचावर याची मांडणी करताना दाबण्याचा भाग ‘ताकद मोजण्याची चाचणी’ म्हणून आधी उरकून घ्यावा आणि जादूचा उल्लेख नंतर करावा. हात वर जाण्याच्या त्या एक-दोन क्षणांच्या विलंबात जादूगाराने आपला हात प्रेक्षकाच्या हाताच्या वर, स्पर्श न करता धरून सावकाश उचलायला लागावे. हा परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही, म्हणून तीन-चार जणांना एकाच वेळी उभे करावे आणि ज्याचा हात सर्वांत सहज वर जातो त्याला पुढे घ्यावे.

नाडी थांबवण्याचा जुना प्रयोगही याच जातीचा. काखेत लहान रबरी चेंडू धरून दंड आत दाबला की दंडाकडे जाणारी धमनी हाडावर दाबली जाते आणि मनगटावरची नाडी लागेनाशी होते. हृदय व्यवस्थित चालू असते, फक्त त्या हातापर्यंत रक्ताचा ठोका पोहोचत नाही. नाडी एकदम बंद न करता दाब हळूहळू वाढवावा, म्हणजे नाडी पाहणाऱ्याला ती मंद होत गेल्यासारखी वाटते. दाब दहा सेकंदांहून जास्त ठेवू नये. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांनी हा प्रयोग करू नये आणि तो दुसऱ्याच्या शरीरावर कधीही करू नये.

धडाविना बोलणारे डोके

१६ ऑक्टोबर १८६५ रोजी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर यांनी मेजावर एक पेटी ठेवली, तिचे दार उघडले, आणि आत असलेले मानवी डोके डोळे उघडून बोलू लागले. मेजाखाली रिकामी जागा आणि पाठीमागचा पडदा स्पष्ट दिसत होता. ही रचना टॉमस टोबिन यांची होती, आणि ती आजही शाळा-महाविद्यालयाच्या रंगमंचावर उभारता येते.

मेज तीन पायांचे असते: एक पाय प्रेक्षकांच्या बाजूला मध्यभागी आणि दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे उभे बसवतात. प्रत्येक आरसा प्रेक्षकाच्या नजरेच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करतो, त्यामुळे दोन्ही आरशांत बाजूचे पडदे दिसतात. बाजूचे पडदे आणि मागचा पडदा एकाच कापडाचे, एकाच रंगाचे आणि सारख्याच उजेडात असले, आणि मेजापासून सारख्याच अंतरावर असले, तर प्रेक्षकाला आपण मेजाच्या आरपार मागचा पडदा पाहत आहोत असे वाटते. आरशांमागे सहायक गुडघ्यांवर बसतो आणि त्याचे डोके मेजाच्या छिद्रातून वर येते.

काचेऐवजी अॅक्रिलिकचा आरसा घ्यावा, तो हलका असतो आणि फुटून इजा होत नाही. मात्र तो वाकू नये म्हणून मागे लाकडी फळी लावणे आवश्यक आहे, नाहीतर पडद्याच्या घड्या प्रतिबिंबात वेड्यावाकड्या दिसतात. जमिनीवर एकरंगी जाजम असावे. फरशीच्या रेघा आरशाच्या खालच्या कडेशी मोडतात आणि ती मोड तिसऱ्या रांगेतूनही दिसते. आरशाच्या खालच्या व बाजूच्या कडा जाजमाच्या आणि पायांच्या रंगाने रंगवाव्यात. आरशावर बोटाचा एकही ठसा राहू नये, कारण हवेत तरंगणाऱ्या ठशाचे स्पष्टीकरण कोणालाच देता येत नाही. प्रयोग चालू असताना मेजाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला आरशासमोर कोणीही जाऊ नये, कारण त्याचे पाय आरशात दिसतील. जादूगाराने मधल्या पायाच्या रेषेतच पुढे-मागे जावे. विंगेत उभ्या असलेल्या मदतनिसांनाही ही सूचना लिहून द्यावी.

करवत आणि पेटी

माणूस कापण्याचा प्रयोग पी. टी. सेल्बिट यांनी १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर नाट्यगृहात जाहीरपणे सादर केला. सहायिका बेटी बार्कर यांच्या मनगटांना, घोट्यांना आणि मानेला दोर बांधून त्यांची टोके पेटीबाहेर प्रेक्षकांच्या हातात दिली होती आणि मग बंद पेटी मधोमध कापली गेली. दोर ताणलेले असल्याने आतली व्यक्ती जागची हलू शकत नाही, असे प्रत्येकाने गृहीत धरले. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिन यांनी वेगळी मांडणी आणली. तिच्यात डोके आणि पाय पेटीबाहेर दिसत राहत. गोल्डिन यांनी आपल्या रचनेचे पेटंट घेतले, ते १९२३ साली मंजूर झाले, आणि पेटंटमुळे रचना सरकारी कागदांत सर्वांसाठी खुली झाली.

दोन मांडण्या दोन वेगळ्या युक्त्यांवर चालतात. पूर्ण बंद पेटीत सहायिका आपले शरीर पेटीच्या एका अर्ध्या भागात आणते: गुडघे छातीकडे घेते, पाठ वळवते आणि करवतीचा मार्ग मोकळा करते. दोरांना यासाठी लागणारी थोडी ढील बांधतानाच ठेवलेली असते. दोन्ही टोके दिसणाऱ्या मांडणीत मात्र दोन माणसे लागतात. दुसरी व्यक्ती प्रयोग सुरू होण्यापूर्वीच पेटीखालच्या मेजात असते आणि योग्य वेळी तिचे पाय बाहेर येतात. मेज पातळ दिसते, कारण त्याची पुढची कड खरोखरच पातळ असते आणि तळ मागे व मध्यभागी खोल होत गेलेला असतो. कडेला लावलेली गडद झालर किंवा काळा पट्टा उरलेली खोली गिळून टाकतो.

माणसाचे शरीर किती कमी जागेत मावते, याचा अंदाज प्रेक्षकाला नसतो. सडपातळ व्यक्ती बाजूने पाहिल्यास छातीपाशी साधारण २० ते २५ सेंटीमीटरच जाड असते. रॉबर्ट हार्बिन यांनी १९६५ साली आणलेल्या उभ्या पेटीच्या प्रयोगात मधला तुकडा बाजूला सरकवलेला दिसतो. पेटी आहे त्याहून अरुंद वाटावी यासाठी तिच्या कडा गडद रंगवलेल्या असतात, आणि मध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत सहायक शरीर वळवून उभा राहतो.

म्हणूनच या प्रयोगांचे खरे कलाकार पेटीच्या आत असतात, असे माझे ठाम मत आहे. बाहेर करवत धरणारा बोलत असतो, आणि आत सहायिका अंधारात, मोजक्या सेकंदांत, आवाज न करता शरीर दुमडत असते आणि त्याच वेळी चेहरा हसरा ठेवत असते. जाहिरातीत तिचे नाव जादूगाराइतक्याच मोठ्या अक्षरांत असायला हवे.

घरी धातूचे पाते वापरून हा प्रयोग करण्याचा विचारही करू नये. शाळेच्या रंगमंचासाठी पुठ्ठ्याची करवत आणि आधीच दोन भागांत असलेली पेटी पुरते, पण आत बसणाऱ्याला हवा मिळण्यासाठी मागच्या बाजूला मोठी छिद्रे, आतून उघडणारी कडी आणि ‘थांबा’ या अर्थाची ठरलेली थाप या तीन गोष्टी आधी तयार ठेवाव्यात.

प्रयोगाचा शेवट, म्हणजे शरीर पुन्हा अखंड दिसणे, हा सजावटीचा भाग समजू नये. ९ एप्रिल १९५६ रोजी पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या कार्यक्रमात फिरत्या चक्री करवतीने सहायिकेला कापण्याचा प्रयोग केला. ती उठून उभी राहण्यापूर्वीच कार्यक्रमाची वेळ संपली आणि प्रक्षेपण थांबले. ती मेली अशा समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांचे बीबीसीला इतके दूरध्वनी आले की टेलिफोनच्या लाइन गजबजून गेल्या. तुमच्या प्रयोगात वेळ कमी पडत असेल तर कापण्याचा भाग लहान करावा, जोडण्याचा भाग कधीही कापू नये.

तालीम आणि ‘पुन्हा करून दाखवा’

आरसा पहिल्या आठवड्यापुरता ठीक आहे. त्यानंतर तो फसवतो, कारण आरशात पाहताना आपली नजर नेहमी स्वतःच्या गुपिताकडे असते आणि प्रयोगाच्या वेळीही ती तेथेच जाते. मोबाइलचा कॅमेरा बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि प्रत्येक प्रयोग तीन जागांवरून टिपावा: मधून, अगदी डाव्या टोकाच्या खुर्चीवरून आणि अगदी उजव्या टोकाच्या खुर्चीवरून. टोकाच्या खुर्चीवरून गुपित दिसत असेल तर हालचाल सुधारत बसण्यापेक्षा ती खुर्ची उचलावी. चित्रण पाहताना आवाज बंद करून एकदा पाहावे. बोलण्याने झाकलेली अडखळ तेव्हा उघडी पडते.

प्रयोग चांगला झाला की कोणीतरी तो पुन्हा दाखवायला सांगतेच. तो त्याच रीतीने पुन्हा करू नये, कारण दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला शेवट माहीत असतो आणि तो सुरुवातीकडे पाहतो. गिरकीनंतर आग्रह झाला तर डाव्या हाताने वेगळाच प्रयोग करावा, किंवा विचारणाऱ्यालाच भिंतीपाशी उभे करून त्याचा हात वर जाऊ द्यावा. ‘कसे केले’ असे विचारणाऱ्याला खोटे उत्तर देऊ नये, विशेषतः दैवी शक्तीचे. ‘सरावाने’ हे उत्तर खरे आहे आणि पुरेसे आहे. मात्र खरोखर शिकू इच्छिणारा कोणी भेटला तर त्याला अंगठ्यापासून सुरुवात करून द्यावी आणि रेषा सरळ येईपर्यंत गिरकीचे नाव काढू देऊ नये.